उद्यमबागेच्या अर्जाबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरीसाठी इंग्रजीत लिहिलेला तुझा अर्ज वाचला. स्पेलिंगला नाव ठेवायला जागा नाही. गडबड आहे ती क्रियापदांत. ‘आय ॲम वर्किंग इन मशीन शॉप सिन्स टू इयर्स’ असं लिहिलंयस. तुझ्या कानाला ते खटकलं नाही, आणि खटकणारही नाही. ‘दोन वर्षांपासून काम करतोय’ हे आपण वर्तमानकाळातच म्हणतो, आणि शेजारचे कन्नडमध्येही तसंच म्हणतात. सीमाभागात या दोघांचं एकमत व्हायचं, ते नेमकं इथे झालंय! इंग्रजीत मात्र काम मागे सुरू झालं आणि आजही चालू आहे, हे क्रियापदातच दिसावं लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग इन अ मशीन शॉप फॉर टू इयर्स’. काम कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स २०२३’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’.

पुढच्याच ओळीत उलटा प्रकार: ‘यस्टर्डे आय हॅव सबमिटेड’. काल, गेल्या सोमवारी, २०२२ मध्ये, असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ काढून टाक. ‘आय सबमिटेड इट यस्टर्डे’ एवढं पुरे.

‘द’सारखा शब्द ना मराठीत ना कन्नडमध्ये, त्यामुळे तिथेही कानावर विसंबू नकोस. नाम आलं की थांब. कोणती वस्तू ते वाचणाऱ्याला ठाऊक असेल तर ‘द’. एकच वस्तू, तीही पहिल्यांदा सांगत असशील तर ‘अ’. आणि व्हीटीयूसारखं विद्यापीठ दाराशी असताना ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहितोस होय रे? उच्चार ‘यु’ने सुरू होतो, म्हणून ‘अ’.

शेवटचं ‘काइंडली डू द नीडफुल’ आपल्याकडच्या ऑफिसांत रोज चालतं. पण वाचणाऱ्याने नेमकं करायचं काय? मुलाखतीला बोलवा म्हणायचंय ना, मग तेच लिही: ‘आय वुड बी ग्रेटफुल फॉर ॲन इंटरव्ह्यू’.

तिसऱ्या परिच्छेदातलं लांबलचक वाक्य तोड. त्यात कोण काय करतंय ते मलाच कळेना. मग सगळ्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मार आणि आधी तेवढीच तपास. शनिवारपर्यंत पाठव. रविवारी बाजाराला येशील तेव्हा टिळकवाडीत घरी ये, समोर बसून बघू. सही करायची घाई नको.

तुझा,
काका