महिन्याचा दर आणि तासाचा हिशोब

क्लाउडवरचे गेम (दूरच्या यंत्रावर चालून इंटरनेटवरून आपल्या पडद्यावर येणारे) आणि भाड्याच्या डिस्क यांच्या दरांविषयी आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. आकडे अमेरिकी डॉलरमध्ये आहेत, कारण या सेवांचे मूळ दर त्यातच जाहीर होतात. तुमच्या चलनात आकडा बदलेल, हिशोबाची रीत बदलणार नाही.

प्रश्न : दोन क्लाउड सेवांची महिन्याची वर्गणी जवळपास सारखीच आहे. एकीत शेकडो गेम आयते मिळतात, दुसरी म्हणते गेम तुमचे तुम्ही विकत घ्या. मग दुसरीला पैसे द्यायचे ते कशाचे?

यंत्राचे. दूरच्या डेटा सेंटरमधलं महागडं ग्राफिक्स कार्ड तुम्ही तासांवर वापरता, त्याचं ते भाडं. जीफोर्स नाउ हे याचं ठळक उदाहरण. तिथे स्टीमसारख्या ऑनलाइन गेम-दुकानातल्या तुमच्या खात्यात आधीच असलेले गेम चालतात, वर्गणी फक्त यंत्राची. एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेटमध्ये उलट आहे. तिथे मुख्यतः गेमांचा संग्रह भाड्याने मिळतो आणि क्लाउडवरून खेळण्याची सोय त्याच्या जोडीला येते. त्यामुळे या दोन दरांची सरळ तुलना करण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे विकत घेतलेले पन्नास गेम आहेत पण संगणक जुना आहे, त्याला यंत्राच्या भाड्याचा प्रकार परवडतो. ज्याच्याकडे एकही गेम नाही, त्याला संग्रहाचा.

तिसरा प्रकार सगळ्यांत जोखमीचा : गेम विकत घ्यायचा, पण तो त्याच सेवेत चालणार, बाहेर कुठेच नाही. ऑनलाइव्ह ही अशीच सेवा ३० एप्रिल २०१५ रोजी बंद झाली तेव्हा तिथे पूर्ण किंमत मोजून घेतलेले गेमही गेले. गूगलची स्टेडिया १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली; गूगलने तिच्या दुकानातून घेतलेल्या गेमांचे पैसे परत केले, ‘प्रो’ या मासिक वर्गणीचे मात्र नाही. ते पैसे परत मिळाले हा ग्राहकांचा हक्क नव्हता, कंपनीने तसं ठरवलं म्हणून मिळाले. तेव्हा खरेदीचं बटण दाबण्याआधी एवढंच पाहा : सेवा उद्या बंद पडली तर हा गेम दुसऱ्या कुठल्या खात्यातून उतरवून घेता येईल का? येत नसेल तर ती किंमत लांब मुदतीचं भाडं समजा.

आणि यंत्राच्या भाड्याच्या प्रकारातही एक खोच आहे. गेम तुमचा असला तरी तो त्या सर्व्हरवर चालवू द्यायचा की नाही हे प्रकाशक ठरवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड या प्रकाशकाचे गेम जीफोर्स नाउवरून निघाले होते. वर्गणी भरण्याआधी आपले गेम सेवेच्या यादीत एकेक करून शोधावेत.

प्रश्न : गेम विकत घेणं स्वस्त की वर्गणी? ठोकताळा सांगा.

गेमच्या किमतीला महिन्याच्या वर्गणीने भागा. जो आकडा येईल तेवढ्या महिन्यांत गेम संपला तर वर्गणी फायद्याची, नाहीतर खरेदी.

६० डॉलरचा गेम आणि २० डॉलरची वर्गणी धरा. उत्तर तीन महिने. गेम ३५ तासांचा आहे आणि तुम्ही आठवड्याला ५ तास खेळता, म्हणजे सात आठवडे, म्हणजे दोन वर्गण्या : ४० डॉलर. वर्गणी जिंकली. आठवड्याला ३ तासच मिळत असतील तर बारा आठवडे, तीन वर्गण्या, ६० डॉलर : बरोबरी. २ तास मिळत असतील तर सतरा-अठरा आठवडे लागतात आणि वर्गणी हरते. गेम तोच, सेवा तीच, फरक फक्त तुमच्या सवडीचा.

आता यात दोन दुरुस्त्या करा. गेम डिस्कवर घेऊन नंतर विकणार असाल, तर विक्रीचे पैसे किमतीतून आधी वजा करा. ६० ला घेतलेली डिस्क ३० ला गेली तर तुमचा खर्च ३०, आणि मुदत तीन महिन्यांवरून दीड महिन्यावर येते. दुसरं, गेम आजच हवा की सहा महिन्यांनी चालेल? सेलमध्ये तो निम्म्या किमतीला मिळाला तर पुन्हा तीच दीड महिन्याची मुदत.

संग्रहात चारशे गेम आहेत याने हिशोब बदलत नाही. तुम्ही एरवी पैसे देऊन घेतले असते तेवढेच गेम मोजायचे. उरलेले दुकानाच्या काचेमागची शोभा आहेत. आणि तुम्ही वर्षभर एकच ऑनलाइन सामन्यांचा गेम खेळत असाल तर हा ठोकताळा विसरा. तो गेम संपतच नाही, तो विकतच घ्यावा.

प्रश्न : एकेक गेम थोड्या तासांसाठी भाड्याने मिळाला तर वर्गणीची भानगडच नको. तसं का देत नाहीत?

देऊन पाहिलं आहे. सोनीच्या प्लेस्टेशन नाउ या क्लाउड सेवेची खुली चाचणी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा भाडं ४ तासांना २.९९ डॉलरपासून ९० दिवसांना २९.९९ डॉलरपर्यंत होतं. २.९९ हा आकडा छोटा दिसतो, पण तासाला जवळपास ७५ सेंट पडतात. ४० तासांचा गेम अशा चार-चार तासांच्या तुकड्यांत संपवायचा तर दहा वेळा पैसे, म्हणजे २९.९० डॉलर, आणि तेही जुन्या पिढीच्या गेमसाठी. लोकांनी कुरकुर केली. जानेवारी २०१५ मध्ये १९.९९ डॉलरची मासिक वर्गणी आली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ती ९.९९ वर उतरली. पुढे २०२२ मध्ये ही सेवा सोनीच्याच प्लेस्टेशन प्लस या वर्गणीच्या प्रीमियम श्रेणीत विलीन झाली.

कमी मुदतीचं भाडं जिथे मिळतं तिथे एक गोष्ट तपासा : घड्याळ भिंतीवरचं आहे की खेळाचं? चार तास म्हणजे गेम सुरू केल्यापासूनचे चार तास असतील, तर मध्ये जेवायला उठलात तरी भाडं चालूच.

प्रश्न : वर्गणी १० डॉलर, पण इंटरनेटचं बिल वाढलं. नेमका किती डेटा जातो?

एक गुणाकार पाठ करा : एक मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने तासभर प्रवाह चालला तर ०.४५ जीबी जातात. जीफोर्स नाउ १०८० पिक्सेल उंचीच्या चित्राला आणि सेकंदाला ६० फ्रेमसाठी (म्हणजे ६० चित्रांसाठी) २५ मेगाबिटचा वेग मागते. तो पूर्ण वापरला गेला तर तासाला ११.२५ जीबी. रोज दोन तास, महिन्यात वीस दिवस : ४५० जीबी. ७२० पिक्सेलला १५ मेगाबिट, म्हणजे तासाला ६.७५ आणि महिन्याला २७० जीबी. ४के (२१६० पिक्सेल) आणि १२० फ्रेमला ४५ मेगाबिट, तासाला २० जीबीच्या वर. हे कमाल आकडे आहेत. अंधाऱ्या, संथ दृश्यात कमी जातं, शर्यतीच्या गेममध्ये जास्त.

सिनेमा पाहताना एवढा डेटा जात नाही, मग इथे का? सिनेमा आधीच सावकाश दाबून (फाइलचा आकार लहान करून) ठेवलेला असतो आणि काही सेकंदांचा साठा पुढे घेऊन चालतो. गेमचं चित्र तुम्ही बटण दाबल्यावर तयार होतं, त्याच क्षणी दाबून पाठवावं लागतं. ६० फ्रेमला एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. साठा करायला वाव नाही, म्हणून नेटवर्क क्षणभर अडखळलं तरी ते पडद्यावर दिसतं.

उपाय या क्रमाने करा. आधी सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन कमाल बिटरेट (सेकंदाला किती डेटा घ्यायचा तो आकडा) हाताने ठरवा. तो आपोआपवर सोडला की सेवा मिळेल तेवढा घेते. मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचे पिक्सेल, उतरवा. फ्रेम शेवटी कमी करा, कारण ६० च्या ३० केल्या की हाताला जडपणा जाणवतो, तर लहान पडद्यावर ७२० आणि १०८० मधला फरक फारसा कळत नाही. संगणक राउटरला केबलने जोडा. ते जमत नसेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा. केबलने डेटा वाचत नाही, पण पुष्कळदा चित्र अडखळण्याचं कारण वेग नसून वायफाय असतं आणि लोक उगाच महागडा इंटरनेट प्लॅन घेतात. डेटा सेंटरपर्यंतचा विलंब ८० मिलिसेकंदांच्या आत हवा, ४० च्या आत असेल तर उत्तम. तो जास्त असेल तर वरच्या श्रेणीची वर्गणी घेऊनही काही हाती लागत नाही. म्हणून फुकट श्रेणीवर, आपण एरवी खेळतो त्याच वेळेला, तासभर चाचणी करा आणि मगच पैसे भरा.

प्रश्न : ‘महिन्याला १०० तास’ ही मर्यादा जाचक आहे का?

बहुतेकांना नाही. जीफोर्स नाउने २०२४ च्या शेवटी ती जाहीर केली. न वापरलेले १५ तासांपर्यंत पुढच्या महिन्यात जातात आणि तास संपले तर आणखी १५ तास २.९९ डॉलरला (तिच्या अल्टिमेट या वरच्या श्रेणीत ५.९९ ला) घेता येतात. सगळे १०० तास वापरले तर अल्टिमेटच्या १९.९९ च्या वर्गणीत तासाला २० सेंट पडतात, वीसच तास खेळलात तर एक डॉलर. खरी गळती कमी खेळणाऱ्याची होते. त्याच्यासाठी २०२४ मध्ये एक दिवसाचा पास निघाला, अल्टिमेटचा ७.९९ डॉलरला. महिन्यात दोन दिवस खेळणार असाल तर पास, तिसऱ्या दिवसाला आकडा २३.९७ होतो आणि महिन्याची वर्गणी स्वस्त पडते.

प्रश्न : टपालाने डिस्क भाड्याने घ्यायचा विचार आहे. काय पाहावं?

डिस्क वाटेत किती दिवस राहते ते. जायला तीन, यायला तीन, मधे नोंदीचा एक धरला तर प्रत्येक डिस्कमागे सात दिवस तुम्ही रिकाम्या हाताचं भाडं भरता. डिस्क आठवडाभर ठेवलीत तर महिन्यात दोनच गेम होतात. म्हणूनच अमेरिकेतल्या गेमफ्लायसारख्या सेवा एकाच वेळी दोन डिस्कची योजनाही ठेवतात : एक वाटेवर, एक हातात.

डिस्क आली की लगेच इन्स्टॉल आणि अपडेट लावा, नाहीतर पहिली संध्याकाळ त्यातच जाते. खोक्यातला जादा सामग्रीचा कोड आधीच्या कुणीतरी वापरलेला असतो. तो मिळेल असं धरू नका. डिस्कची खाच नसलेल्या कन्सोलवर हा मार्ग बंदच. निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलच्या ‘गेम-की कार्ड’मध्ये गेम नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड भाड्याने चालतं, पण पूर्ण गेम उतरवून घ्यावा लागतो.

संगणकाच्या गेमच्या डिस्क भाड्याने का दिसत नाहीत, असंही एकाने विचारलं आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने हक्कदाराच्या परवानगीशिवाय सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंदी आली. कन्सोलचे गेम त्यातून वगळले होते.

प्रश्न : वर्गणी बंद केली तर माझी प्रगती आणि विकत घेतलेले जादा भाग जातात का?

जादा भाग खात्यात राहतात, पण मूळ गेम संग्रहातला असेल तर त्याच्याशिवाय ते उघडत नाहीत. गेम संग्रहातून बाहेर जातो तेव्हाही हेच होतं. गेम पासमध्ये जाणाऱ्या गेमांची सूचना आधी लागते आणि ते तिथे असेपर्यंत २० टक्क्यांपर्यंत सवलतीत मिळतात. जादा भाग घेतलेला असेल तर मूळ गेम तेव्हाच घेऊन टाकावा.

प्रगतीचं सेवेगणिक वेगळं आहे. एक्सबॉक्सवर सेव्ह फाइल (प्रगतीची नोंद) खात्याला जोडलेली असते. प्लेस्टेशनवर क्लाउडमधली साठवण वर्गणीशी बांधलेली आहे, म्हणून मुदत संपण्याआधी फाइल कन्सोलवर उतरवून घ्या. यंत्र भाड्याने देणाऱ्या सेवेत दर वेळी नवं कोरं यंत्र मिळू शकतं. ज्या गेमला स्टीम क्लाउडसारखी, प्रगती ऑनलाइन जपून ठेवणारी सोय नाही त्याची प्रगती बंद करताच पुसली जाऊ शकते. असा गेम तिथे सुरू करण्याआधी दहा मिनिटं खेळा, बाहेर पडा, परत आत जा आणि सेव्ह सापडतं का पाहा.

प्रश्न : वर्षाची वर्गणी एकदम भरावी का?

मागच्या वर्षी बारापैकी किती महिने खेळलात ते मोजा. प्लेस्टेशन प्लस प्रीमियम सुरू झाली तेव्हा महिन्याला १७.९९ आणि वर्षाला ११९.९९ डॉलर होती, म्हणजे सात महिने खेळणाऱ्यालाही वर्ष स्वस्त. सप्टेंबर २०२३ मध्ये वर्षाचा दर १५९.९९ झाला आणि तो उंबरठा नऊ महिन्यांवर गेला. दरवाढ होते तेव्हा वर्षाचे आधीच भरलेले पैसे तुम्हाला मुदतीपुरते वाचवतात, ही जमेची बाजू. गेम पास अल्टिमेट ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ वरून थेट २९.९९ वर गेली, तेव्हा आधीच भरून ठेवलेल्यांना लगेच झळ बसली नाही.

महिन्याची घेत असाल तर पैसे भरल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करा. बहुतेक सेवा तरीही महिना पुरा होईपर्यंत चालू राहतात.