उसनं घेतलं की दिलं?

प्रश्न : सर, मी सेलूला बी.कॉम.ला आहे, बँकेच्या परीक्षेचा क्लास लावलाय. परवा मॅडमना म्हणाले, ‘प्लीज बॉरो मी युवर पेन’, तर अख्खा वर्ग हसला. माझं चुकलं काय? आणि ‘लूज’चं स्पेलिंग कधी एका ओनं, कधी दोन ओंनी का दिसतं?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना तरी हे वाक्य नीट सांगता आलं नसतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे शब्द एकच, उसनं. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तिला दोन शेर ज्वारी उसनी दिली. फरक पडतो तो आणण्या-देण्यात. इंग्रजीत घेणाऱ्याचं क्रियापद वेगळं, देणाऱ्याचं वेगळं. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड.

तू तर बँकेचीच तयारी करतेस. घरी पीककर्जाचे इंग्रजी कागद असतील तर काढून बघ. वडील सही करतात ती बॉरोअर म्हणून, बँक असते लेंडर. पेन देणार मॅडम, म्हणून त्यांना ‘प्लीज लेंड मी युवर पेन’. स्वतःकडून सुरुवात करायची तर ‘मे आय बॉरो युवर पेन?’ मॅडमकडून घेतलं, यातल्या ‘कडून’साठी बॉरोला फ्रॉम लागतो. लेंडचा भूतकाळ लेंट; लेंडेड नाही.

मी हे शिकवायला लागलो की मागच्या बाकावर खसखस पिकायची. शेळ्या राखणाऱ्या लेकरांना ‘लेंड’ म्हटल्यावर दुसरं काय आठवणार! पण त्या लेकरांच्या तो शब्द कायमचा ध्यानात राहिला.

नांदेडला आमच्या शेजारी एक तमिळ गृहस्थ होते, बँकेतच अधिकारी. त्यांचीही सुरुवातीला हीच गल्लत व्हायची म्हणे. तमिळमध्येही कर्जाला शब्द एकच, ‘कडन’. घेतलं तर ‘वांगु’, दिलं तर ‘कोडु’. म्हणजे आपल्यासारखंच.

आता लूज. हे मुळात दोन शब्द. ढिला तो लूस. शेवटी स, स्पेलिंगात दोन ओ. हरवणं किंवा हरणं ते लूझ, तिथं ओ एकच. घोळ आपल्या जिभेचा आहे. आपण मेडिकलवर ‘लूज मोशनची गोळी’ मागतो, मोटारीचा नट ‘लूज झाला’ म्हणतो. ढिल्याच्या शेवटी ज चिकटवला की दोन्ही शब्द कानाला एकच, मग हात स्पेलिंगात अडखळतो. तमिळ लोकांनी मात्र तो स जपलाय. डोक्यानं जरा सैल माणसाला ते ‘लूसु’ म्हणतात. हे मला त्याच शेजाऱ्यांनी सांगितलं, तेही आमच्या घरमालकाकडे बघत.

लूझचा भूतकाळ लॉस्ट. मॅडमचं पेन परत केलंस ना? नाहीतर तो शब्द वापरायची पाळी त्यांच्यावर यायची.