पेयाच्या पाऊचवर कागदकामाची हत्यारे

प्रश्न : माझ्याकडे कागदकामासाठी घेतलेले नक्षीचे पंच आणि हाताने फिरवायचे डाय-कटिंग यंत्र (डाय म्हणजे आकार कापणारा साचा) आहे. फळांच्या रसाचे रिकामे पाऊच धुऊन त्यांतून आकार कापू पाहिले, तर पंच मध्येच अडकतो आणि कापलेल्या कडेला प्लॅस्टिकचे दोरे लोंबतात. पंच बोथट झाले असतील का?

उत्तर : पंचाला दोष देण्याआधी पाऊच कशाचा असतो ते पाहू. रसाचा चकचकीत पाऊच बहुधा तीन थरांचा असतो : बाहेर छपाईचा पॉलिएस्टर, मधे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ वर्ख आणि आत पॉलिएथिलीन. कागद तंतूंचा असल्यामुळे पंचाच्या दोन धारांमध्ये सापडला की लगेच तुटतो. प्लॅस्टिक मात्र तुटण्याआधी ताणले जाते आणि त्या दोन धारांमधल्या बारीक फटीत ओढले जाते. तुम्हाला दिसणारे दोरे म्हणजे हेच ताणलेले प्लॅस्टिक. नव्या पंचानेही असे होऊ शकते.

यावरचा उपाय साधा आहे. पाऊचच्या तुकड्याखाली कार्डपेपर ठेवून दोन्ही एकदम कापावेत. तरीही कड स्वच्छ आली नाही, तर वरच्या बाजूनेही साधा कागद लावावा. कागदाच्या आधाराने प्लॅस्टिकला ताणायला वाव राहत नाही. वर्तुळ, पान, हृदय असे भरीव आकार चांगले निघतात. जाळीदार नक्षीचे पंच मात्र या कामासाठी काढूच नयेत, असे माझे मत आहे. पंच अडकलाच, तर तुकडा ओढू नये. पंच उलटा करून अडकलेला भाग खालून हलकेच दाबावा. ॲल्युमिनियम फॉइल कापल्याने पंचाला धार लागते असे सांगितले जाते, परंतु त्याने फार तर धारेवरचा खरखरीतपणा कमी होतो. पंच जड चालत असेल, तर मेणकागद दोन-चार वेळा कापून पाहावा.

हत्यारांचा खरा शत्रू प्लॅस्टिक नसून साखर आहे. पाऊच नुसता विसळला, तर तळाच्या घडीत रस राहतो आणि तो चिकट थर पंचात साचून त्याची हालचाल अडवतो. म्हणून तळाची पट्टी आधीच कापून काढावी, पाऊच उलगडून साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा आणि पूर्ण कोरडा करावा.

डाय-कटिंग यंत्रात फोमने वेढलेल्या, उंच पोलादी पात्याच्या डाय पाऊच सहज कापतात. पत्र्यासारख्या पातळ डायसाठी मात्र कार्डपेपरचा एक जादा थर घालावा लागतो आणि तुकडा न हलवता यंत्रातून दुसऱ्यांदा फिरवावा लागतो. उठावाची नक्षीही पाऊचवर उमटते, कारण ॲल्युमिनियम दाबलेला आकार धरून ठेवते. पण प्लॅस्टिकचे थर थोडे मागे येत असल्यामुळे बारीक रेषा पुसट होतात.

प्रश्न : पाऊचचे तुकडे पांढऱ्या गोंदाने चिकटवले, तर वाळल्यावर ते अलगद सुटून येतात. कोणता गोंद वापरावा?

उत्तर : पांढऱ्या गोंदातले पाणी कागदात मुरते, म्हणून तो कागदावर धरतो. पाऊचमध्ये पाणी मुरत नाही, त्यामुळे गोंदाचा नुसता पापुद्रा तयार होतो. त्यातही आतला, बिनछपाईचा चंदेरी पृष्ठभाग पॉलिएथिलीनचा असतो आणि त्यावर जवळजवळ कोणताच नेहमीचा गोंद नीट बसत नाही. छापील बाजू त्या मानाने सोयीची आहे. भेटकार्डावर किंवा वहीच्या वेष्टनावर तुकडा लावायचा असेल आणि छपाई झाकली गेली तरी चालणार असेल, तर चंदेरी बाजू वर ठेवून छापील बाजूला चांगली दुहेरी चिकटपट्टी लावावी.

पाऊचला पाऊच जोडायचा असेल, तर गोंदाचा नाद सोडून उष्णतेचा उपयोग करावा. आतले पॉलिएथिलीन साधारण ११० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते आणि बाहेरचे पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे, त्यामुळे मधल्या तापमानाची इस्त्री आतला थर वितळवते पण छपाईला सहसा धक्का लावत नाही. दोन्ही तुकड्यांच्या चंदेरी बाजू समोरासमोर ठेवाव्यात, वर-खाली बेकिंगचा कागद घालावा आणि कडेवर काही सेकंद इस्त्री दाबून धरावी. सांधा थंड होईपर्यंत तो ओढून पाहू नये. कारखान्यात पाऊचच्या कडा याच तत्त्वाने बंद केलेल्या असतात. छापील बाजूवर चंदेरी बाजू ठेवून केलेला सांधा टिकत नाही, म्हणून एकावर एक चढणारी जोडणी सोडून बाहेर उभी राहणारी पट्टीच आखावी. मेणकागद इथे चालणार नाही, कारण त्यातले मेण वितळते. काम हवेशीर जागी करावे आणि प्लॅस्टिकचा वास येऊ लागला, की इस्त्रीचे तापमान कमी करावे.

प्रश्न : याच पाऊचची पेन्सिलपेटी शिवता येईल का? स्ट्रॉ टोचलेल्या भोकाचे काय करावे?

उत्तर : शिवता येईल. कापडातले सुईचे भोक मिटते, पाऊचमधले कायम राहते. त्यामुळे टाके लांब ठेवावेत, नाहीतर टपाल तिकिटाच्या कडेसारखी सच्छिद्र रेघ तयार होऊन तुकडा तिथूनच फाटतो. याच कारणाने टाचण्या लावू नयेत, कागदाच्या क्लिपा लावाव्यात. शिवणयंत्राचा दाब-पाय चिकटत असेल, तर पाऊचवर पातळ टिश्यू ठेवून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा. घड्या घालण्यापूर्वी घडीकाठीने (घडी दाबायच्या बोथट कडेच्या पट्टीने) रेघ दाबून घ्यावी. तेवढ्याने कोपरे सरळ येतात.

स्ट्रॉचे भोक लपवण्यापेक्षा त्याला पंचाने गोल करून तिथे आयलेट (भोकाच्या कडेला बसणारी धातूची गोल कडी) बसवावे, म्हणजे दोरी ओवायची सोय आपोआप होते. मात्र आयलेटखाली छोटी कार्डपेपरची चकती घालावी, कारण एवढ्या पातळ थरावर आयलेटची पकड सैल राहते.