घोडी चुकून गाभण राहिली तर : प्रश्नोत्तरे

प्रश्न : काल रात्री शेजारचा घोडा कुंपण तोडून आत आला. माझी घोडी माजावर होती, त्यामुळे व्हायचं ते झालं. आजच इंजेक्शन देऊन विषय मिटवता येईल का?

आज नाही. यासाठी जे देतात ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाचं इंजेक्शन थेट गर्भावर काम करत नाही. बीज सुटल्यावर अंडाशयात जो पीतपिंड तयार होतो, त्याच्यावर ते काम करतं. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक हा पीतपिंड बनवतो, त्यामुळे तो विरघळला की गर्भ राहत नाही. अडचण अशी की बीज सुटल्यानंतरचे साधारण पाच दिवस कोवळा पीतपिंड या औषधाला दाद देत नाही. त्याआधी टोचलं तर औषध वाया जातं आणि वर ‘काम झालं’ असा खोटा दिलासा मिळतो. गर्भाशय धुऊन काढा असंही कुणी सुचवेल. पण शुक्राणू काही तासांत बीजनलिकेत पोचलेले असतात आणि गर्भ गर्भाशयात उतरतो तो सहाव्या दिवसाच्या सुमारास. तिथे काहीच नसताना धुणार काय?

आज करायचं ते एवढंच : तारीख लिहून ठेवा आणि घोडी नीट पाहा. रक्त येत असेल, ती मलूल असेल किंवा पोट दुखल्यासारखी कुंथत असेल, तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. अशा झटापटीत योनीला आतून जखम झालेली असू शकते. तसं काही नसेल तर घोडी माजावरून उतरू द्या आणि त्यानंतर सात ते दहा दिवसांनी इंजेक्शन द्या. पाचव्याच दिवशी का नको? कारण काही घोड्या एक-दोन दिवसांच्या अंतराने दुसरंही बीज सोडतात. तो दुसरा पीतपिंड कोवळाच राहिला, तर एक गर्भ जाईल आणि दुसरा टिकेल.

इंजेक्शननंतर घोडीला घाम सुटतो, लीद पातळ होते, थोडं पोट दुखतं. हे बहुधा तासाभरात ओसरतं. माणसांनी मात्र सांभाळायला हवं. हे औषध कातडीतून शरीरात जातं, म्हणून गरोदर बाईने आणि दम्याच्या रुग्णाने त्याला हातसुद्धा लावू नये. घोडी तीन ते पाच दिवसांत पुन्हा माजावर येईल, तेव्हा तोवर कुंपण दुरुस्त झालेलं असू द्या! इंजेक्शन दिलं असो वा नसो, घोड्याशी झालेल्या शेवटच्या भेटीपासून सोळा दिवसांच्या आसपास सोनोग्राफी करून घ्याच. गर्भ उरला असेल तर तेव्हा दिसतो आणि तेव्हा उपायही सोपा असतो.

प्रश्न : सोनोग्राफीत घोडी पन्नास दिवसांची गाभण निघाली. डॉक्टर म्हणतात, आता एका इंजेक्शनने भागेलच असं नाही. असं का?

तुमचे डॉक्टर बरोबर सांगतात. पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या आवरणातल्या काही पेशी घोडीच्या गर्भाशयाच्या अस्तरात रुततात आणि तिथे वाटीसारख्या गाठी तयार होतात. त्यांच्यातून निघणाऱ्या संप्रेरकामुळे अंडाशयात नवे पीतपिंड तयार होत राहतात. म्हणून या टप्प्यावर बहुधा काही दिवस पुन्हा पुन्हा इंजेक्शन द्यावं लागतं, आणि गर्भ खरंच गेला का हे सोनोग्राफीने पाहावं लागतं.

यातली एक गोष्ट मालकांना कुणी आधी सांगत नाही. गर्भ गेला तरी या गाठी लगेच जात नाहीत. चार महिन्यांच्या आसपास त्या आपोआप झडेपर्यंत घोडी बहुधा नीट माजावर येत नाही. म्हणजे ‘हा गर्भ पाडू आणि याच हंगामात हव्या त्या घोड्याला दाखवू’ हा बेत सोडून द्यावा लागतो. याच संप्रेरकावर आधारलेली रक्तचाचणी गर्भ गेल्यानंतरही ‘गाभण आहे’ असंच सांगत राहते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका.

माझं मत विचाराल तर, घोडी प्रौढ आणि निरोगी असेल आणि शिंगराची सोय होणार असेल, तर पन्नासाव्या दिवशीही मी पाडण्याची घाई करणार नाही. चार महिन्यांनंतर तर नकोच. गर्भ मोठा असतो, तो अडू शकतो, वार अडकू शकते, गर्भाशयात जंतू होतात आणि त्यातून खुरांना सूज येऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते. तेव्हा तिच्या जिवाला धोका असेल तरच हा मार्ग.

प्रश्न : आमचं अकरा महिन्यांचं नर शिंगरू अजून आईजवळ आणि मोठ्या बहिणीजवळच बांधतो. एवढ्या लहान वयात काही होणार नाही ना?

होऊ शकतं. आजच वेगळं करा. काही नर वर्षाच्या आतच समर्थ होतात आणि मादी शिंगरंही वर्षाच्या सुमारास माजावर येऊ शकतात. आई, बहीण हे नातं त्यांना कळत नाही. बहिणीची शंका असेल तर तिची सोनोग्राफी आधी करा. तिची स्वतःची हाडं अजून वाढताहेत, त्यात सख्ख्या भावाचा गर्भ. इथे लवकर गर्भपात करून घेणं मला सरळ योग्य वाटतं. नराला खच्ची करणार असाल तर त्यानंतरही निदान महिनाभर माद्यांपासून लांब ठेवा. आधी तयार झालेले शुक्राणू नळ्यांमध्ये शिल्लक असतात.

प्रश्न : घोडी ठेंगणी, घोडा धिप्पाड. शिंगरू अडून घोडी मरेल अशी भीती वाटते.

ही भीती बरीचशी अनाठायी आहे. वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी 1938 मध्ये अजस्र शायर आणि चिमुकल्या शेटलंड घोड्यांचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर आईच्या पोटची शिंगरं जन्मतः शेटलंड आईच्या शिंगरांच्या जवळपास तिप्पट वजनाची भरली. म्हणजे पोटातल्या वाढीवर आईच्या गर्भाशयाची मर्यादा असते. शिंगरू पुढे उंच होईल ही गोष्ट वेगळी. तरी विताना पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आलं नाही, तर वाट पाहू नका.

प्रश्न : घोडीला गाढवापासून गर्भ राहिला आहे. ठेवावा का?

खेचर हवं असेल तर ठेवा. पण आधी तिला खेचर झालं असेल तर जास्त जपा. गाढवाच्या रक्तपेशींवरचा एक घटक घोडीत नसतो, पण पिल्लात तो बापाकडून येतो. त्याविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि ती चिकात उतरतात. असा चीक प्यायलेल्या पिल्लाच्या रक्तपेशी फुटतात, कावीळ होते, पिल्लू दगावतं. विण्याआधी घोडीच्या रक्ताची तपासणी होऊ शकते. धोका दिसला तर पिल्लाला मुसकं बांधून आईला पिऊ देऊ नका, दुसऱ्या सुरक्षित घोडीचा चीक पाजा. मुसकं एक-दोन दिवसांनी, डॉक्टर सांगतील तेव्हाच काढा.

प्रश्न : गर्भाशयात काचेची गोटी ठेवली तर घोडी माजावर येत नाही, असं ऐकलं.

ठेवू नका. तिचा भरवसा नाही, आणि ती आत फुटल्याचीही उदाहरणं आहेत.

प्रश्न : विकत घेतलेली घोडी गाभण निघाली. कधी भरली हे कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांच्या अंदाजाने आठ महिने झाले आहेत.

मग ती विणार असं धरूनच तयारीला लागा. घोडीचे दिवस साधारण अकरा महिन्यांचे, पण 320 ते 365 दिवसांपर्यंत मागेपुढे होतात. शेवटच्या तीन महिन्यांत खुराक हळूहळू वाढवा. विण्याआधी चार ते सहा आठवडे धनुर्वाताची लस द्या, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळेल. तारीख ठाऊक नसल्यामुळे तुमचं कॅलेंडर म्हणजे कास. ती विण्याआधी दोन ते चार आठवडे भरू लागते. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की बहुधा एक-दोन दिवस उरलेले असतात.

व्याल्यावर शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत प्यायला हवं आणि तीन तासांत वार पडायला हवी. यातलं काही चुकलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. वार हाताने ओढू नका.