आखाजीला घागर का भरतात? सोनं घ्यायच्या शुभ दिवशी पितरांची पूजा कशी चालते?

ताई, तुमच्या पुण्याच्या माहेरी अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस, आणि लग्न होऊन खानदेशात अमळनेरला आलात तर सासूबाई मातीची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात, उंबऱ्यावर कुंकवाची बोटं लावत गेलेल्या माणसांची नावं घेतात, त्यामुळे तुम्ही विचारलंय की हे शुभ का अशुभ, आणि तुमचे वडील वारलेत तर त्यांच्या नावाचं बोट तिथे लावलं तर चालेल का. मी एरंडोलकडचा, लहानपणापासून आखाजी (अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे हेच म्हणतात) बघत आलोय, म्हणून लिहितो.

अशुभ काही नाही हो. पितर म्हटलं की लोकांना लगेच भाद्रपदातला पितृपक्ष, कावळा, दहावं असलंच आठवतं. पण विष्णुपुराणात ज्या चार युगादी तिथी, म्हणजे युगं सुरू झाली ते दिवस, सांगितल्यात त्यात वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे हीच अक्षय्य तृतीया, आहे, आणि तिथेच म्हटलंय की या दिवशी पितरांना नुसतं तीळ घातलेलं पाणी जरी दिलं तरी हजार वर्षं श्राद्ध केल्यासारखं होतं. म्हणजे पितरांचं करणं हे या तिथीला आधीपासूनच जोडलेलं आहे, सोन्याच्या दुकानाच्या जाहिराती आत्ताच्या. परत युगादी श्राद्धाला पिंड नसतो, म्हणून घरात दुःखाचं वातावरण नसतं, उलट खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया, भजी असा थाट असतो आणि दुपारनंतर गडी माणसं पत्ते कुटायला बसतात (यावरून दरवर्षी घरोघरी भांडणं, ते सोडा).

आता घागर. वैशाखात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो, त्या उन्हात माणसाला पहिलं काय द्यायचं तर पाणी, आणि जे जिवंत माणसाला तेच गेलेल्याला, एवढा साधा हिशोब आहे. शास्त्रात याला उदकुंभदान किंवा धर्मघट म्हणतात. भटजी आले तर ‘एष धर्मघटो दत्तो ब्रह्मविष्णुशिवात्मकः’ म्हणतात, म्हणजे ब्रह्मा, विष्णू, शिव ज्यात आहेत असा हा धर्माचा घट दिला, आणि पुढे ‘अस्य प्रदानात्तृप्यन्तु पितरोऽपि पितामहाः’, याच्या दानाने वडील-आजे तृप्त होवोत. बहुतेक घरांत भटजी नसतातच, बायकाच सगळं करतात आणि श्लोकाच्या जागी सरळ नावं घेतात. घागर कोरी पाहिजे, कुंभाराकडून नवी आणलेली, तिच्यावर पाणी भरलेलं छोटं मातीचं भांडं, त्यावर खरबूज, आंबे आणि सांजोऱ्या. खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात, तापी-गिरणेच्या वाळूत व्हायचं ते. डांगर का, याला मंत्र-बिंत्र शोधत बसू नका, त्या महिन्यात जे गार आणि गोड मिळतं ते आधी त्यांना, मग आपल्याला. म्हणून तर जुनी माणसं आखाजीच्या आधी आंबा तोंडात घालत नाहीत. व्हॉट्सॅपवर घागरीतून एनर्जी निघते वगैरे फॉरवर्ड येतात ते डिलीट करून टाका.

सासूबाई गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घासभर जेवण टाकतात ना, ती आगारी. होमात देवाला देताना ‘स्वाहा’ म्हणतात, पितरांना देताना ‘स्वधा’, हा फरक ऋग्वेदापासून आहे, दहाव्या मंडलात ‘स्वाहान्ये स्वधयान्ये मदन्ति’ असं येतं, म्हणजे एक स्वाहाने आनंदतात, दुसरे स्वधेने. आमच्या घरी कोणी स्वधा म्हणत नाही, आई नुसतं ‘घ्या बाबा, पोटभर जेवा’ म्हणते आणि मला विचाराल तर मंत्र तोच झाला.

आणि एक गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्याच दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराई पण माहेरवाशीण म्हणूनच बसवलेली असते. म्हणजे घर सोडून गेलेली सगळीच माणसं, लेकी काय आणि वारलेली काय, आखाजीला घरी जेवायला येतात. मग हा दिवस अशुभ कसा म्हणायचा.

तुमच्या वडिलांचं. बिनधास्त लावा बोट. काही जण म्हणतील सासरच्या उंबऱ्यावर माहेरचं नाव कसं, पण महालयात, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धात, ज्यांची नावं घेतात त्या यादीत आईकडचे आजे असतात, सासरा असतो, गुरू आणि मित्रसुद्धा असतात, म्हणजे तुमचे मिस्टर तुमच्या वडिलांना पाणी देऊच शकतात, आणि तर्पणात तर ‘येऽबान्धवा बान्धवा वा’ म्हणून नात्यातल्या, बिननात्याच्या सगळ्यांनाच पाणी सोडतात. फक्त ऐनवेळी उंबऱ्यापाशी विषय काढू नका, आदल्या दिवशी सांजोऱ्या करायला बसाल तेव्हा सासूबाईंना विचारून घ्या. आमच्याकडे माझी आई सासरच्यांची नावं झाली की शेवटी तिच्या वडिलांचं आणि आजीचं बोट लावते, इतक्या वर्षांत भावकीतलं कोणी काही बोललेलं नाही. वडिलांना जे आवडायचं ते एखादं ताटात वाढा, आगारीत त्याचाही घास टाका.