वाचकांचे प्रश्न : साथीचे आकडे वाचताना

साथरोगांच्या आकडेवारीवर खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. रोगसर्वेक्षण आणि जन्म-मृत्यू नोंदणी या दोन्ही कामांची चांगली ओळख असलेल्यांनी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : कोविडकाळातल्या आकड्यांचे आलेख मुलांकडून काढून घेतो आहे. देशातल्या मृत्यूंच्या आलेखात १७ जून २०२० ला २,००३ आणि १० जून २०२१ ला ६,१४८ असे सुळके येतात. एका दिवसात खरेच इतकी माणसे गेली का?
— शिक्षक, अमळनेर

उत्तर : नाही. हे त्या दिवशी यादीत चढलेले मृत्यू आहेत. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने जुन्या नोंदींचा ताळमेळ घालून १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. त्यांतले ८६२ मुंबईचे, ४६६ उरलेल्या महाराष्ट्रातले. दिल्लीच्या त्या दिवसाच्या आकड्यातही मागचे मृत्यू होते. पुढच्या वर्षी ९ जूनला बिहारने आपली एकूण संख्या ५,४५८ वरून ९,४२९ केली आणि दुसऱ्या दिवशी देशाचा आकडा फुगला.

मागे पडण्याचे कारण साधे आहे. चाचणीचा निकाल प्रयोगशाळा एका पोर्टलवर भरते, मृत्यूची माहिती रुग्णालय दुसऱ्या यादीत. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नाव आधी. मोबाइल नंबर एकीकडे मुलाचा, दुसरीकडे जावयाचा. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कोणीतरी बसून जुळवावे लागते. मृत्यूचे कारण तपासणाऱ्या समितीची बैठक लांबली की आणखी दिवस जातात.

मुलांच्या तक्त्यात तारखेचे रकाने वेगळे ठेवा : लक्षणे सुरू झाल्याची तारीख, स्वॅब घेतल्याची, निकालाची, मृत्यूची आणि मृत्यू जाहीर झाल्याची. सगळे मिळणार नाहीत. मिळतील ते भरा, पण एका रकान्यातली तारीख दुसऱ्यात घालू नका. जुन्या मृत्यूंच्या खऱ्या तारखा मिळाल्या तर त्या त्या दिवशी टाका. नाही मिळाल्या तर ‘तारीख अज्ञात’ अशी वेगळी ओळ करा. ती खोडू नका, नाहीतर रोजच्या आकड्यांची बेरीज एकूण संख्येशी जुळणार नाही. ही बेरीज दर आठवड्याला तपासावी. चूक त्याच आठवड्यात सापडते.

शनिवार-रविवारी चाचण्या कमी होतात, म्हणून सोमवार-मंगळवारचे आकडे खोटेच दिलासा देतात. त्यावर सात दिवसांची सरासरी हा उपाय. सोमवार ते रविवारची सरासरी गुरुवारच्या ओळीत लिहा. रविवारच्या ओळीत लिहिली तर आलेख तीन दिवस पुढे सरकतो. सरासरीच्या रेषेवर बरोबर सात दिवस रुंदीचा सपाट माथा दिसला, तर त्या आठवड्यात जुन्या नोंदींचा गठ्ठा पडला आहे असे समजावे. साथ चालू असताना मृत्यूच्या तारखेप्रमाणे आलेख काढलात, तर शेवटचे दोन आठवडे फिक्या रंगात दाखवा. तिथली उतरण बहुतेक वेळा नोंदी यायच्या राहिल्याची असते.

प्रश्न : २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातला मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा फार जास्त असल्याच्या बातम्या होत्या. इथला विषाणू अधिक घातक होता का?
— विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : त्या आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. बातम्यांतला तो दर म्हणजे नोंद झालेले मृत्यू भागिले नोंद झालेले रुग्ण. यातला छेद चाचण्यांवर अवलंबून असतो. समजा, एका गावात १०० जणांना लागण झाली आणि त्यांतले २ दगावले. चाचणीत २० जण सापडले तर दर १० टक्के, ५० सापडले तर ४ टक्के. विषाणू तोच, गाव तेच.

छेद त्या वेळी किती लहान होता याचा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पहिल्या रक्तद्रव पाहणीवरून येतो. मे-जून २०२० मधल्या या पाहणीसाठी महाराष्ट्रातले सहा जिल्हे निवडले होते आणि जळगाव त्यांत होता. दर जिल्ह्यात सुमारे ४०० प्रौढांचे रक्त तपासले. देशात ०.७३ टक्के प्रौढांत प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, आढळली. म्हणजे नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्यक्षात ८२ ते १३० जणांना लागण झालेली असावी, असा अंदाज निघाला.

दुसरी गोष्ट काळाची. आज दगावणारा रुग्ण साधारण दोन-तीन आठवड्यांपूर्वी बाधित ठरलेला असतो. एकूण रुग्ण आज १,०००, दोन आठवड्यांपूर्वी ४००, मृत्यू २०. आजच्या रुग्णांनी भागले तर २ टक्के, तेव्हाच्या रुग्णांनी भागले तर ५ टक्के. साथ चढत असताना पहिला हिशेब नेहमी कमी दाखवतो.

मात्र दर फुगलेला दिसण्याचे सगळे खापर छेदावर फोडून प्रशासनाने मोकळे होऊ नये. उपचार उशिरा मिळाल्यानेही दर खरोखरच वाढतो. ते ओळखायचे तर दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत दगावलेल्यांचे प्रमाण पाहावे. ते मोठे असेल तर रुग्ण उशिरा पोहोचत आहेत किंवा खाटेसाठी फिरत आहेत. दाखल होऊन आठ-दहा दिवसांनी होणारे मृत्यू जास्त असतील तर वॉर्डातली देखरेख आणि ऑक्सिजनची व्यवस्था आधी तपासावी.

प्रश्न : नवापूरचा माणूस सुरतच्या दवाखान्यात वारला, तर तो मृत्यू कुठे मोजतात?
— औषध विक्रेता, नवापूर

उत्तर : दोन वह्यांत, दोन ठिकाणी. जन्म-मृत्यू नोंदणी घटनास्थळी होते, म्हणून दाखला सुरतच्या निबंधकाकडून मिळेल. रोगसर्वेक्षणात मात्र राहत्या पत्त्याचा जिल्हा धरतात. रुग्णालयाने पत्ता नीट लिहिला आणि माहिती राज्याराज्यांत पोहोचली, तर तो नंदुरबारच्या यादीत येतो. घोळ होतो तो आधारकार्डावरच्या पत्त्याने. वर्षानुवर्षे सुरतेत कामाला असलेल्या माणसाचा आधार धडगावचा असतो आणि लागण सुरतेतली.

तुमच्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. आकड्यांचेही तसेच होते. राज्याच्या दैनिक पत्रकात ‘इतर राज्ये’ अशी एक ओळ असायची. जिल्ह्यांची बेरीज करताना ती सोडली की एकूण आकडा जुळत नाही. धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात साक्री-शिरपूरचे रुग्ण दगावतात आणि धुळे शहराची नोंदवही फुगते, तोही हाच प्रकार.

प्रश्न : २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या भागात पुष्कळ माणसे गेली. सरकारी यादीत नावे मोजकीच. लोक अजून विचारतात, “हाऊ आकडा खरा शे का?” ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून काही शोधता येईल का?
— ग्रामपंचायत सदस्य, पारोळा तालुका

उत्तर : येईल, आणि त्यासाठी कोणाचे निदान काय होते हे माहीत असण्याची गरज नाही. एरवी त्या महिन्यांत किती मृत्यू होतात आणि त्या वर्षी किती झाले, यातला फरक काढायचा. याला अतिरिक्त मृत्यू म्हणतात.

ग्रामसेवकांकडून २०१५ ते २०१९ या पाच वर्षांचे आणि २०२०, २०२१ चे महिनावार आकडे मागा. नावे किंवा कारणे मागू नका. ती लागत नाहीत, आणि मृत्यूचे कारण उताऱ्यात उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. मोजणी मृत्यूच्या तारखेप्रमाणे हवी, नोंदणीच्या तारखेप्रमाणे नको. एप्रिलमधले बरेच मृत्यू जून-जुलैत नोंदवले गेले. नोंदणीची तारीख धरली तर एप्रिल रिकामा दिसतो आणि जुलैत साथ आल्यासारखी वाटते. वर्षभरानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने झालेल्या नोंदीही शोधा. त्या पुढच्या वर्षांच्या वहीत असतात.

मग गावचे रहिवासी पण जळगाव, धुळे, नाशिकला दगावलेले मिळवा आणि बाहेरगावचे पण तुमच्या गावात वारलेले वजा करा. पहिल्यांची माहिती आशाताईंकडून मिळते. पण इथे एक खाच आहे. २०२१ साठी आशाताईंना विचारलेत आणि मागच्या पाच वर्षांसाठी फक्त वही पाहिलीत, तर फरक आपोआप मोठा निघेल. दोन्हीकडे माप एकच हवे. जुन्या वर्षांची बाहेरची माहिती मिळत नसेल, तर २०२१ चीही घेऊ नका.

आता संख्येचे. वर्षाला हजारी ६ मृत्यू धरले तर ३,००० वस्तीच्या गावात वर्षाला १८, म्हणजे महिन्याला दीड. एखाद्या महिन्यात चार झाले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून एकट्या गावावर थांबू नका. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालची सगळी गावे घ्या आणि दोन महिने एकत्र धरा. ३०,००० लोकवस्तीत दोन महिन्यांत अपेक्षित मृत्यू सुमारे ३०. याचे वर्गमूळ साडेपाच, दुप्पट अकरा; निव्वळ योगायोगाने आकडा साधारण एवढाच वर-खाली होतो. तेव्हा १९ ते ४१ ही नेहमीची चढउतार समजा. ६० निघाले तर शंका घ्यायला जागा उरत नाही.

निघालेला फरक सगळा कोविडचा असतो असेही नाही. डायलिसिस चुकले, हृदयविकाराचा रुग्ण वेळेवर पोहोचला नाही, हेही त्यात येतात. उलट रस्ते बंद असताना अपघाती मृत्यू घटतात. नोंदणीच सुधारली तरी आकडा वाढतो. देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख मृत्यू नोंदले गेले, तर २०२१ चे अधिकृत कोविड मृत्यू सुमारे ३.३ लाख. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतासाठी दोन वर्षांचे मिळून ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. केंद्र सरकारने त्यामागची पद्धत अमान्य केली. आमचे मत असे, की वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्यापेक्षा आपल्या वह्या मोजून ठेवाव्यात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात गावचे पाटील मृत्यू लिहीत आणि कारण बहुधा ‘ताप’ एवढेच पडे. तरी त्या साथीचा अंदाज आज करता येतो तो त्याच नोंदींतल्या फरकावरून आणि पुढच्या जनगणनेवरून.

प्रश्न : वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारणच नाही. अनुदानाच्या वेळी फार धावपळ झाली. असे का?
— वाचक, भुसावळ

उत्तर : दाखल्याच्या नमुन्यात कारणाचा रकानाच नसतो. कारण असते ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात : रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर ४-अ. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्या.

प्रमाणपत्रात वरून खाली वाचायचे असते : सर्वांत वर मृत्यूचे तात्कालिक कारण, तळाला मूळ कारण. उदाहरणार्थ श्वसन निकामी, त्याखाली न्यूमोनिया, त्याखाली कोविड-१९. मधुमेह असेल तर तो दुसऱ्या भागात. आकडेवारीत मूळ कारण मोजतात. नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहिले की नोंद वाया जाते, कारण हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चाचणीने सिद्ध झालेल्या कोविडचा संकेतांक यू०७.१ आणि केवळ लक्षणांवरून ठरवलेल्याचा यू०७.२. ५० हजारांच्या सानुग्रह मदतीसाठीच्या सप्टेंबर २०२१ च्या निकषांत, बाधित ठरल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो रुग्णालयाबाहेर झाला तरी धरायचा होता.

प्रश्न : रोजचे रुग्ण निम्मे झाले, म्हणजे साथ ओसरली ना?
— किराणा व्यापारी, चाळीसगाव

उत्तर : आधी चाचण्या किती झाल्या ते विचारा. चाचण्याही निम्म्या झाल्या असतील तर काहीच बदललेले नाही. शंभर तपासण्यांत बाधित किती, हे प्रमाण पाहावे. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सैल करण्यासाठी ते सलग दोन आठवडे ५ टक्क्यांखाली हवे असे सुचवले होते. अँटिजेन चाचण्यांचा वाटा वाढला की हे प्रमाण आपोआप घसरते, कारण ती चाचणी काही बाधितांना चुकवते. म्हणून आरटी-पीसीआरचे प्रमाण वेगळे काढा. आणि वर माणसे, खाली नमुने असा भागाकार करू नका. एकाच माणसाचे तीन नमुने असू शकतात.

प्रश्न : जिल्ह्यांची तुलना कशी करावी?
— वाचक, दोंडाईचा

उत्तर : दर लाख लोकसंख्येमागे. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२,२९,९१७, धुळे २०,५०,८६२, नंदुरबार १६,४८,२९५. जळगावात १०० आणि नंदुरबारात ५० रुग्ण असतील तर लाखामागे अनुक्रमे २.४ आणि ३.०. म्हणजे जोर नंदुरबारात जास्त.

प्रश्न : पाड्यावर एकदम तापाचे रुग्ण वाढले तर कुठे आणि काय कळवायचे?
— स्वयंसेवक, अक्कलकुवा

उत्तर : आशाताई किंवा उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला. आरोग्यसेविका लक्षणांवरून ‘एस’ नमुना भरतात, डॉक्टर संभाव्य निदानाचा ‘पी’, प्रयोगशाळा निकालाचा ‘एल’. पूर्वी हे आठवड्याला जाई. एप्रिल २०२१ पासून नव्या ऑनलाइन व्यवस्थेत रोज भरायचे असते. कळवताना पाड्याचे नाव, एकूण घरे, आजारी किती, त्यांत पाच वर्षांखालची मुले किती, पहिला रुग्ण कोणत्या तारखेला आजारी पडला, पुरळ-जुलाब-कावीळ यांपैकी काय आहे, पाणी कोणत्या विहिरीचे किंवा झऱ्याचे आणि कोणी दगावले का, एवढे सांगा. शून्य असेल तिथे शून्य सांगा. जागा मोकळी सोडली तर रुग्ण नाहीत की कोणी पाहिलेच नाही, हे वरच्या कार्यालयाला कळत नाही.