अभ्यासिकेत यूव्ही ट्यूब लावली तर हवा निर्जंतुक होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेत अभ्यासिका आहे, ३० बाय २० फुटांची खोली, उंची दहा फूट, एसी, चाळीस मुलं. त्यातल्या एकाला क्षय निघाला, आणि दुकानदार म्हणतोय की भिंतीवर यूव्ही ट्यूब, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांची नळी, लावा.

तशी उघडी ट्यूब कृपा करून लावू नका. मी अठरा वर्षं पुण्यात एसी आणि व्हेंटिलेशनची कामं करतो. २०२१ मध्ये एका ऑफिसात ती टेबलाच्या उंचीवर लावली होती आणि माणसं बसलेली असताना चालू राहिली. दिवसभर कोणाला काही जाणवलं नाही. रात्री तिघांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू झाली. हे किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात आणि दुखणं काही तासांनी वर येतं. दोन दिवसांत तिघेही बरे झाले, पण ते रात्रीचे फोन मी विसरलेलो नाही.

किरण मात्र खरंच काम करतात. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील प्रकाश जंतूंच्या जनुकद्रव्यात बिघाड करतो, मग ते वाढू शकत नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी १९३७ पासून तिथल्या फिलाडेल्फिया भागातल्या शाळांत वर्गांच्या वरच्या भागात असे दिवे लावले, आणि १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांत आजार बराच कमी पसरला. पुढे त्यांचे विद्यार्थी डॉ. रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरच्या रुग्णालयात क्षयाच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. साध्या हवेतल्या प्राण्यांना क्षय झाला. तीच हवा यूव्हीखालून गेली तेव्हा झाला नाही.

यात दिव्याइतकंच महत्त्व हवेच्या फिरण्याला आहे. दिवा सात फुटांच्या वर बसवायचा, आडव्या पट्ट्यांच्या पेटीत, म्हणजे किरण छताखालीच राहतात. पण मुलं खोकतात खाली. ती हवा वर गेली नाही तर दिवा नुसता छत उजळत बसेल. म्हणून छताचे पंखे मंद का होईना, सतत चालू हवेत. एसी आहे म्हणून पंखे बंद, ही आपल्याकडची सवय इथे नडते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच हवा गार करून परत सोडतो.

त्यामुळे पहिला खर्च एक्झॉस्टवर, म्हणजे हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यावर, करा. तुमच्या खोलीत साधारण १७० घनमीटर हवा मावते. तासाला सहा वेळा बदलायची तर हजारेक घनमीटर बाहेर काढावी लागेल. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा प्रत्यक्षात मिळत नाही, तेव्हा थोडा मोठा घ्या. कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा: बाहेर आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, आत दीड-दोन हजार दिसला तर मुलं एकमेकांचाच श्वास घेतायत. पावसाळ्यात जास्त जपा. खिडक्या बंद होतात आणि दमट हवेत यूव्हीचा परिणामही कमी होतो.

एवढं करून दिवा लावायचाच असेल, तर बसवणाऱ्याकडून डोक्याच्या उंचीला मोजणी करून घ्या. आठ तास बसणाऱ्यासाठी मर्यादा ०.२ मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर आहे. तुमची मुलं बारा-बारा तास बसतात, म्हणजे त्याहून कमी हवं. ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायू सोडणारी ट्यूब नको. साध्या काचेची जांभळी ट्यूब तर बिनकामाची, काच हे किरण अडवते.

दिवा, पंखा नंतर. त्या मुलाच्या आसपास बसणाऱ्यांना आजच तपासणीला पाठवा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. आणि खिडक्या एकाच भिंतीला असतील तर एक्झॉस्ट तिथे बसवा, समोरचं दार किलकिलं ठेवा, म्हणजे हवा सगळी खोली ओलांडून जाईल.